जुना पेंटियम फोर आणि त्याचा पेटीसारखा मॉनिटर घरात पडून आहे. छंदासाठी काही करता येईल, की भंगारात देऊ?

देऊ नका. निदान मागे 25 पिनांचा प्रिंटर पोर्ट आहे का, हे बघितल्याशिवाय तरी नाही.

माझाही पेंटियम फोरच, नाशिकला सिडकोतल्या घरी माळ्यावर होता. दाजी आले की विषय काढायचेच, "किलोवर देऊन टाका आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्या." मी अंबडला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटाईच्या मशीनवर, काम करतो. घरी लाकडावर अक्षरं कोरायला छोटा राउटर (कोरणारं यंत्र, वायफायचा नव्हे) हवा होता. त्यातल्या स्टेपर मोटारी (दर पल्सला एकेक पाऊल फिरणाऱ्या) चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला पल्स अगदी ठरल्या वेळी मिळावे लागतात, आणि त्या पोर्टच्या 2 ते 9 नंबरच्या पिना तेच थेट देतात. यूएसबीचा कन्व्हर्टर इथे चालत नाही.

आधी मशीन चालूच होईना. उघडलं तर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी द्रव सुकलेला. 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांचा हा ठरलेला आजार. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, लो ईएसआरवाले (आतला रोध कमी असलेले) नवे बसवले. ग्राउंडची पिन सगळी उष्णता ओढून घेते, 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ती हलत नाही. 60 वॅटचं घ्या. मग लिनक्ससीएनसी, म्हणजे अशी मशीन चालवणारं फुकट सॉफ्टवेअर, टाकून त्यातली वेळेचा नेमकेपणा तपासणारी लेटन्सी टेस्ट लावली आणि कॉम्प्युटरवर ताण यावा म्हणून स्क्रीनवरच्या खिडक्या मुद्दाम इकडेतिकडे ओढत राहिलो. जिटर, म्हणजे वेळेतला चढउतार, 20 मायक्रोसेकंदांच्या आत राहिला. बरेच नवे लॅपटॉप याच परीक्षेत नापास होतात, कारण वीज वाचवण्याची त्यांची यंत्रणा मध्येच तोंड घालते.

मॉनिटर आहे तसाच त्याला जोडा, मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. लॅपटॉपचा जुना पडदा असेल तर वेगळी गोष्ट: पाठीवरचा नंबर बघून त्याच पॅनेलचा कंट्रोलर बोर्ड मागवा, की त्याचा मॉनिटर होतो.

हो, लिनक्ससीएनसीची जुनी 32 बिटची आवृत्ती घ्या, रॅम 1 जीबी तरी असू द्या, आणि हे मशीन नेटला जोडू नका. वीजही जास्त खातं. रास्पबेरी पायवरही लिनक्ससीएनसी चालतं, हे खरं. पण घरात असलेली वस्तू 'जुनी' म्हणून फेकायची आणि तेच काम करायला पैसे मोजून नवी आणायची, हे दाजींचं गणित मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ताईच्या दारावरची सागवानी पाटी याच पेंटियमवर कोरलेली आहे.