उष्टा पेला आणि दहा गुंठे

प्रश्न : आम्ही विट्याजवळच्या गावातले. वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी पस्तीस वर्षं कोईमतूरला होते. आई, मी आणि बहीण गावीच. गेल्या महिन्यात वडील वारले. तेराव्याला तिकडून अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा आला आणि म्हणाला, मी तुमचा सावत्र भाऊ. त्याची आई हयात नाही. देवळात लग्न लागल्याचा फोटो आणि वडिलांचं नाव असलेला जन्मदाखला त्याच्याजवळ आहे. वडिलार्जित चार एकर द्राक्षबागेत (सातबारा वडिलांच्या एकट्याच्या नावावर) तो हिस्सा मागतोय. मी ऑनलाइन डीएनए किट मागवलंय. तो चहा प्यायला तो स्टीलचा पेला आणि त्याचा कंगवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय. फॉर्मवर त्याची संमतीची सही लागते. ती मी केली तर चालेल का? रिपोर्ट कोर्टात टिकेल का?

उत्तर : सही अजिबात करू नका. दुसऱ्याच्या नावाने संमतीवर सही करणं म्हणजे बनावट दस्तऐवज तयार करणं, भारतीय न्याय संहितेचं कलम 336. आज तुम्ही वारसाच्या वादातले एक पक्षकार आहात. ती सही केलीत तर फौजदारीतले आरोपी व्हाल, आणि समोरच्या वकिलाचं काम तुम्हीच करून ठेवलेलं असेल.

आता पेल्याकडे वळू. वस्तू कशी मिळवली यावर आपली न्यायालयं पूर्वीपासून फारशी अडत नाहीत. अडतात ती वस्तू कुणाची यावर. तेराव्याला घरात शंभरेक माणूस. तो पेला त्याचाच, मध्ये कुणी हाताळला नाही, तुम्ही बदलला नाही, हे कोण सांगणार? तुम्हीच. घरी बसून केलेल्या चाचणीची खरी अडचण इथे आहे. प्रयोगशाळा पाकिटात आलेला नमुना तपासते आणि पाकिटावर लिहिलेलं नाव छापते. शिवाय ओला पेला प्लास्टिकमध्ये बांधला की बुरशी धरते, नमुना सडतो. म्हणूनच गालाच्या आतून फिरवलेली कापसाची काडीसुद्धा वाळवून कागदी पाकिटात घालतात. आणि कंगव्यातले गळलेले केस बहुधा मुळाविना असतात, नेहमीच्या चाचणीला मूळ लागतं.

समजा नमुना चांगला निघाला. वडील तर नाहीत, म्हणजे तुलना तुमची आणि त्याची. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा मेळ बसला, तर एवढंच कळेल की दोघांची बापाकडची वंशरेषा एक. तोच मेळ तुमच्या चुलत्याशी, चुलतभावाशी, जवळजवळ सगळ्या भावकीशी बसेल, आणि तुमच्याकडची निम्मी भावकी गलाईच्या दुकानांत देशभर पसरलेली! मेळ बसला नाही, तर तफावत त्याच्या बाजूला की तुमच्या, हेही त्या कागदावरून ठरत नाही. हे वाक्य आईसमोर वाचू नका, पण एकट्याने दोनदा वाचा.

कोर्टाकडून त्याची चाचणी करवून घेऊ, असंही मनात येईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 10-अ खाली वैज्ञानिक तपासणीचा अर्ज देता येतो, पण अशोक कुमार विरुद्ध राज गुप्ता (2021) हा निकाल जवळपास तुमच्यासारख्याच भांडणातला आहे. बहिणी म्हणत होत्या, हा आमचा भाऊ नाही, डीएनए करा. सर्वोच्च न्यायालयाने जबरदस्ती नाकारली : दावा त्याचा, पुरावा त्याने द्यायचा, कागदपत्रांवर निकाल लागू शकत असेल तर माणसाच्या शरीरात शिरायचं कारण नाही. म्हणजे तुम्ही किटवर घालवताय ती ताकद त्याची कागदपत्रं तपासण्यात घाला. जन्माची नोंद कधी झाली, वेळेत की नंतर? शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर बापाचं नाव कोणतं? तो जन्मला तेव्हा त्याच्या आईचं दुसऱ्या कुणाशी लग्न टिकून होतं का? तसं असेल तर कायदा त्या नवऱ्यालाच बाप धरून चालतो.

आणि तो खरंच वडिलांचा मुलगा निघाला तर? तुम्ही हे विचारलं नाहीत, पण माझ्या मते प्रश्न हाच आहे. आई हयात असताना झालेलं दुसरं लग्न रद्दबातल, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 प्रमाणे त्यातलं मूल औरसच. सर्वोच्च न्यायालयाच्या रेवणसिद्धप्पा निकालाने (2023) अशा मुलाला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या बापाच्या वाट्यात हक्क दिला, फक्त बापाच्या. पूर्वी वाटप झालं नसेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिशेब असा : वडील गेले तेव्हा वाटप झालं असं मानलं की वडील, आई, तुम्ही, बहीण, प्रत्येकी 40 गुंठे. वडिलांच्या 40 गुंठ्यांत आई, तुम्ही, बहीण आणि तो, चौघं समान. त्याला 10 गुंठे. वडिलांनी स्वकमाईने घेतलेला प्लॉट, बँकेतली ठेव यात मात्र चौथा हिस्सा. देवळातलं लग्न त्याला सिद्ध करता आलं नाही तर त्याची वाट बरीच अवघड होते, पण वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिले असतील तर कोर्ट लग्न झालंच होतं असं गृहीत धरू शकतं. कोईमतूरचे शेजारी काय सांगतील, ते गलाईवाल्या नातेवाइकांना विचारा. त्यांना बहुधा सगळं माहीत असतं.

या आठवड्यात दोन कामं करा. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज द्या. त्याने हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाईल, जाऊ द्या. फेरफाराने (सातबाऱ्यावरच्या नावाच्या नोंदीने) मालकी ठरत नसते. आणि विट्याच्या दिवाणी कोर्टात कॅव्हेट टाका. म्हणजे तुम्हाला न ऐकता बागेवर मनाई हुकूम येणार नाही. मुदत 90 दिवसांची, संपली की पुन्हा टाकायचं.

त्याला स्वतःला चाचणी हवी असेल तर दोघांच्या लेखी संमतीने, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, ओळखपत्र, फोटो आणि अंगठ्यांसह नमुना द्या. तोवर किट परत घेत असतील तर परत करा आणि पेला घासून मांडणीवर ठेवा.