जुन्या थरारपटातलं पिस्तूल ओळखताना

नाव ठरवायची घाई करू नका. दृश्य थांबवून एकेक फ्रेम सरकवा. १९४०च्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटात आखूड नळीची रिव्हॉल्व्हर दिसली, की आधी नळीखालचा इजेक्टर रॉड, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी, पाहा. कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशलमध्ये त्याचं पुढचं टोक मोकळं असतं, स्मिथ अँड वेसनमध्ये ते नळीखालच्या उंचवट्यात अडकतं. गोळ्या भरायचं गोल सिलिंडर फिरताना दिसलं तर उत्तमच: नेम धरणाऱ्याच्या बाजूने कोल्टचं घड्याळाच्या दिशेने फिरतं, स्मिथचं उलट. स्मिथचीच पाच गोळ्यांची चीफ्स स्पेशल १९५० साली आली, त्यामुळे १९४६च्या चित्रपटात ती सांगूच नका.

नवशिके सर्वांत जास्त फसतात ते कोल्ट १९११ या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाला. पॉइंट ४५ कॅलिबरच्या, गोळी नसलेल्या पोकळ काडतुसांवर ते नीट चालत नसे, म्हणून बऱ्याच चित्रपटांत ९ मिमीचं स्पॅनिश स्टार मॉडेल बी वापरलं गेलं. मुठीच्या मागे ग्रिप सेफ्टी (मूठ आवळल्यावरच गोळी सुटू देणारी कळ) नसेल आणि स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, उजव्या बाजूला एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची) पट्टी बाहेरून दिसत असेल, तर ते स्टार.

रिकामी काडतुसं बाहेर पडायची खिडकी डावीकडे दिसली, तर बहुधा फ्रेमच आरशातल्यासारखी उलटी छापलेली असते. आवाजावर मुळीच विसंबू नका, तो नंतर भरलेला असतो.