साखरेत साखर नाही?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. प्रॅक्टिकलला तिने घरून साखर आणि गूळ नेला होता. बेनेडिक्टच्या चाचणीत (निळ्या द्रावणात घालून गरम केलं की शर्करा विटकरी रंग देते) गूळ विटकरी झाला, साखर मात्र निळीच्या निळी. तिने जर्नलमध्ये ‘साखरेत शर्करा नाही’ असं लिहिलं आणि वर्गात हशा पिकला. तिचं चुकलं कुठे? दुसरं, दिवाळीच्या खव्यात पीठ मिसळलंय का ते पाहायला आम्ही तो पाण्यात उकळून वर आयोडीनचे थेंब टाकले. रंग आला नाही. खवा चांगला समजायचा का?
– एक आई, सहकारनगर, पुणे

उत्तर : आधी मुलीला शाबासकी द्या, तिने दिसलं ते लिहिलं. प्रयोगशाळेतल्या माझ्या 30 वर्षांत शेजारच्या जर्नलमध्ये डोकावून ‘विटकरी’ लिहिणारेच जास्त भेटले.

बेनेडिक्टला सगळ्या शर्करा ओळखता येत नाहीत. जिचं टोक मोकळं आहे आणि जी निळ्या द्रावणातल्या तांब्याचं क्षपण करते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देते, तीच त्याला कळते. ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातलं लॅक्टोज ही त्या जातीची. डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांनी नेमकी तीच टोकं एकमेकांत गुंतवलेली असतात. गुळात ही दोन्ही थोडीफार सुटी असतात, म्हणून त्याला रंग येतो.

साखरेचाही रंग काढता येतो. 2 मिली द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे 4-5 थेंब टाकून परीक्षानळी उकळत्या पाण्यात 5 मिनिटं ठेवायची. गार झालं की फसफस थांबेपर्यंत चिमूटचिमूट खायचा सोडा. मुलं सोडा हमखास विसरतात आणि ‘मॅडम, येतच नाहीये’ म्हणत टेबलापाशी येतात. आम्ल उरलं तर बेनेडिक्ट काम करत नाही. सोड्यानंतर बेनेडिक्ट घालून पुन्हा गरम केलं की हिरवट, पिवळा, नारिंगी करत तळाशी विटकरी गाळ बसतो.

एकदा एकाने साखरेचं द्रावण म्हणून घरचा गुलाबजामचा पाकच आणला. आम्ल न घालताही नळी नारिंगी! सगळी बॅच चक्रावली. मी विचारलं, ‘आईने लिंबू पिळलं होतं का रे?’ पिळलं होतं. लिंबाच्या आम्लाने पाकातलं थोडं सुक्रोज फुटतं, म्हणून तर पाकाची पुन्हा साखर होत नाही.

आता खवा. पिठातल्या स्टार्चच्या वेटोळ्यात आयोडीन अडकलं की निळा-काळा रंग येतो, पण गरम पाण्यात तो टिकत नाही. थेंब तुम्ही गरम असतानाच टाकले असणार. पुरतं गार करून परत बघा. निळं झालं तर पीठ आहे. नाही झालं तर पीठ नाही, एवढंच. दुसरी चरबी मिसळली असेल तर ती आयोडीनला कळत नाही. तपासलेला नमुना टाकून द्या. आणि गुलाबजामवर थेंब टाकून घाबरू नका, त्यातला मैदा तुम्हीच मळलेला असतो.