दोन नर गिनी पिग रक्त निघेपर्यंत भांडतात. मादी आणली तर शांत होतील का?

तुमचा प्रश्न वाचला. लातूरला घरी सात महिन्यांचे दोन नर, लहानपणापासून एकाच पिंजऱ्यात वाढलेले, आणि गेल्या महिन्यापासून त्यांचं जमेनासं झालंय. परवा एकाच्या पाठीवर चावा बसून रक्त आलं. दुकानदार म्हणतो मादी आणा, घरचे म्हणतात एक कुणाला तरी देऊन टाका. मी परभणीला राहते, बरीच वर्षं माझ्याकडे नरच आहेत. यातला प्रत्येक टप्पा मी पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आजचं काम. रक्त आलंय, तेव्हा आज रात्री दोघांना एकत्र झोपू देऊ नका. पिंजऱ्यात मधोमध जाळी टाका, नाहीतर एकाला मोठ्या खोक्यात ठेवा, पण त्याच खोलीत, एकमेकांचा आवाज आणि वास येईल असं. जुंपलेली असताना मधे हात घालू नका. ते चवताळलेले असतात, समोर बोट आलं तर फार खोल चावतात. जाड टॉवेल अंगावर टाका किंवा कचरा भरायची सुपली मधे सरकवा. हाताला चावा बसलाच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पाठीवरच्या जखमेभोवतीचे केस कात्रीने कमी करा आणि सलाईनने पुसा. वरून लहान दिसणारा चावा आत खोल असतो, कातडी पटकन मिटते आणि खाली पू साठून गाठ होते. म्हणून रोज बोटाने चाचपून पाहा. पावसाळ्यात माशा जखमेवर बसून अळ्या पडतात, तेव्हा तिथलं अंथरूण कोरडं हवं. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: माणसांचं किंवा कुत्र्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन अशा गोळ्या पाण्यात विरघळवून पाजू नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि काही दिवसांत जनावर दगावतं. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत गाई-म्हशी आणि कुत्री येतात. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, ‘साहेब, हा गिनी पिग आहे, याला पेनिसिलिन चालत नाही.’ ते वाईट मानत नाहीत. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, आम्हाला इथलं परभणीचं.

तिथे गेलात की दोघंही खरंच नर आहेत का, हेही तपासून घ्या. दुकानातून ‘दोन्ही नर’ म्हणून आणलेल्यांत एक मादी निघणं अगदी नेहमीचं आहे. नर मादीमागे घुर्र घुर्र करत कंबर हलवत फिरतो, ती त्याच्या अंगावर मुतते, दात दाखवते. बघणाऱ्याला ती मारामारीच वाटते.

दोघं नरच असतील तर मादी आणायचा विचार पूर्ण सोडा. आत्ता त्यांचं भांडण जागेवरून आणि मानावरून आहे. मादी आली, नुसता तिचा वास जरी आला, तरी ते जिवावर बेततं. वर तिला गाभण राहायला वेळ लागत नाही. सुमारे दोन महिने ते सव्वादोन महिने पोटात पिल्लं वाढतात, आणि मोठ्या वयात पहिल्यांदा व्यायची वेळ आली तर कमरेची हाडं जुळून घट्ट झालेली असतात, मादी अडते आणि मरते. दोन नरांचं भांडण मिटवायला तिसऱ्या जिवाला यात ओढू नये.

आता सातव्या महिन्यातच का, हे. नर दोन-तीन महिन्यांत वयात येतो आणि तिथून साधारण सव्वा वर्षाचा होईपर्यंत त्याचं अंग तापलेलं असतं. वर कोण आणि खाली कोण हे या काळात ठरतं. ते ठरवायची त्यांची भाषा आहे, आणि ती ओळखता आली की निम्मी भीती जाते. घशातून जाडसर घुरघुर काढत मागचे पाय एकेक उचलून डुलत चालणं, दुसऱ्याच्या बुडाशी नाक घालणं, त्याच्यावर चढणं, हनुवटी वर करून उभं राहणं, थोडा पाठलाग करणं हे सगळं चालू द्यावं. खालचा नर कुईं करून बाजूला झाला की विषय संपतो. तो किंचाळला म्हणजे त्याला लागलंच असं नसतं, ‘मानलं बाबा’ असं तो सांगत असतो. अशा वेळी आपण धावत जाऊन दोघांना वेगळं केलं तर निकाल लागत नाही आणि उद्या तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

लक्ष द्यायचं ते पुढच्या खुणांवर. दात सतत कटकट वाजतात, मानेवरचे केस उभे राहतात, तोंड मोठं उघडून पुढचे दात दाखवले जातात. आपल्याला ती जांभई वाटते, पण ती धमकी असते. इथे दोघांमधे एखादं पुठ्ठ्याचं खोकं सरकवून नजर तोडावी. दोघांपैकी कुणीच मागे हटत नसेल, समोरासमोर उभे राहून झेपा घेत असतील, तर पुढचा क्षण म्हणजे केसांचा एकच गोळा होऊन लोळणं आणि चावे. तिथवर पोचू द्यायचं नाही.

आणखी एक खूण आवाज न करणारी असते, म्हणून सुटते. खालचा नर दिवसभर एका कोपऱ्यात बसून राहतो, वरचा त्याला गवतापाशी येऊ देत नाही. चावा नसतो, रक्त नसतं, पण वजन उतरतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा दोघांचं वजन करून वहीत लिहा. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं घटतंय असं दिसलं तर त्यांचं पटत नाही असं समजा.

तुम्ही पिंजऱ्याचं माप लिहिलेलं नाही, पण दुकानातून घेतलेला असेल तर तो लहान आहे हे न बघता सांगते. दोन नरांना कमीत कमी चार फूट बाय दोन फूट मोकळी जमीन लागते, आणि भांडखोर वयात पाच बाय अडीच असली तर पुष्कळ फरक पडतो. जमीनच मोजायची. वरचा मजला, शिडी यांचा उपयोग नाही, उलट एक जण वर ठाण मांडून बसतो. दोन बैलांना एका गव्हाणीवर बांधलं की शिंगं लागतातच, म्हणून शेतकरी दोन गव्हाणी करतो. तेच इथे. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन, तेही पिंजऱ्याच्या दोन टोकांना. लपायला खोकी दोन किंवा तीन, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं. एकच दार असलेल्या घरात खालचा नर अडकतो, वरचा दारात उभा राहतो आणि सर्वात वाईट चावे तिथे बसतात. भाजी वाडग्यात देऊ नका, सगळीकडे विखरून टाका.

असा पिंजरा घरी होतो. फ्लेक्स बोर्डवाल्याकडून पोकळ प्लास्टिकची सनपॅक शीट घ्या, तळ आणि कडा तिच्या करा, भोवती हार्डवेअरच्या दुकानातली वेल्ड मेश जाळी. मांजर किंवा मुंगूस येत असेल तर वरूनही जाळी हवी. खाली वर्तमानपत्र आणि त्यावर जुनी सुती चादर. साफ करताना सगळं एकदम धुऊन काढू नका, थोडं जुनं अंथरूण परत ठेवा. स्वतःचा वास पूर्ण गेला की दोघंही पुन्हा खुणा करायला लागतात आणि त्यातून नवं भांडण निघतं.

उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे मार्च ते जून हे भांडण त्यानेच चिघळतं. गिनी पिगचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. त्याला घाम येत नाही, आणि पारा २७-२८ अंशांच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात ४२ सहज होतं. पिंजऱ्यात थंड जागा एकच असेल तर तिच्यासाठी जुंपणारच. म्हणून शहाबादी फरशीचे दोन तुकडे ठेवा, बर्फाच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन टोकांना. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान काम करतो, फक्त झोत थेट अंगावर नको. पत्र्याच्या खोलीत तर त्यांना मुळीच ठेवू नका. लाईट गेली तर ओलं पोतं पिंजऱ्याच्या एका बाजूवर टाका आणि दुसरी बाजू हवेला मोकळी ठेवा.

अचानक चिडखोर झालेल्या नराला कुठेतरी दुखत असण्याचीही शक्यता असते. गिनी पिगला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज पोटात जावं लागतं. कमी पडलं की सांधे दुखतात, आणि दुखऱ्या अंगाला दुसऱ्याचा धक्का सोसत नाही. ढोबळी मिरची, पेरूची फोड, कोथिंबीर, आवळ्याचा तुकडा यातलं काहीतरी रोज द्या. शेळ्यांसाठी मिळणारी लसूणघासाची पेंढी मात्र मोठ्या नरांना रोज घालू नका. तिच्यात कॅल्शियम जास्त, मूत्राशयात खडे होतात, मग लघवीला त्रास आणि स्वभावात चीड. मुख्य खाणं वाळलेलं गवत. विकतचं टिमोथी महाग पडतं. आपल्याकडचं मारवेल, पवना, हराळी पावसाळ्यात कापून सावलीत वाळवलं तर उत्तम चालतं. फक्त कापूस-सोयाबीनच्या बांधावरचं, तणनाशक मारलेलं नको, आणि त्यात गाजर गवत आलेलं नाही हे निवडून बघा.

खच्चीकरणाबद्दल कुणी सुचवेलच. नरा-नरांतली भांडणं त्याने थांबतील असा भरवसा धरता येत नाही आणि एवढ्याशा जनावराला भूल देण्यात धोका असतो. केवळ भांडणासाठी मी ते करणार नाही.

जखम पूर्ण भरली, दोघं जाळीला नाक लावून शांत बसायला लागले, की एकदा पुन्हा एकत्र करून बघा. त्यांच्या पिंजऱ्यात नको, घरातल्या अशा खोलीत जिथे दोघांपैकी कुणाचाच वास नाही. मधोमध गवताचा मोठा ढीग टाका, खोकी ठेवू नका, टॉवेल हाताशी ठेवा आणि दोन-तीन तास तिथून उठू नका. घुरघुर, चढाचढी चालेल. पुन्हा गोळा झाला, पुन्हा रक्त आलं, तर मात्र तो निकाल मानावा. एकदा रक्त काढलेली जोडी परत जमणं कठीण असतं, आणि वारंवार प्रयोग करणं म्हणजे खालच्या नराला दर वेळी भीतीत ढकलणं.

मग एक देऊन टाकायचा का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. हा कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर गिनी पिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. पण सोबत म्हणजे एकाच अंथरुणावर झोपणं नव्हे. मोठा पिंजरा करून मधे बारीक जाळी टाका, अर्ध्या इंचाच्या आतल्या भोकांची, म्हणजे पाय-नाक चावलं जाणार नाही. दोन्हीकडचं गवत जाळीला लागून ठेवा, म्हणजे खाताना ते शेजारी बसतील. बोलतील, एकमेकांचा आवाज ऐकून जागे होतील, एकाने कुईं केलं की दुसरा करेल. असे शेजारी म्हणून राहणारे नर पूर्ण आयुष्य, म्हणजे पाच ते आठ वर्षं, नीट जगतात. माझ्याकडच्या एका जोडीचं असंच चाललंय आणि दोघांचीही वजनं चांगली आहेत.

पिंजऱ्याची लांबी-रुंदी आणि दोघांची आजची वजनं खाली लिहा, म्हणजे जाळी कुठून टाकायची आणि जागा किती वाढवायला लागेल ते नेमकं सांगता येईल. जखमी नराने १२ तासांत काही खाल्लं नसेल तर मात्र उत्तराची वाट बघू नका, थेट दवाखान्यात न्या.