खुराड्याची खिडकी: आधी जाळी, मग रंग

कोंबड्यांच्या खुराड्याच्या खिडकीला षटकोनी तारेची जाळी मारली असेल, तर घोटाळा तिथेच आहे. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही. माझ्याकडे रानमांजराने ती एका रात्रीत उचकटली. सकाळी चौकटीला नुसती पिसं अडकलेली. फार वाईट वाटलं.

अर्ध्या इंची चौकोनी भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी आणा, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली), जाड तारेची. ती नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, हिसक्याने निघते. जाळीची कड चौकटीवर दीड इंच घ्या, वर लाकडी पट्टी ठेवा आणि वीतभर अंतरावर स्क्रू पिळा. हीच पट्टी खिडकीची शोभा. तिला घराच्या दाराचा रंग द्या. जाळीला काळा मारा, म्हणजे ती डोळ्यांत येत नाही, आतल्या कोंबड्याच दिसतात. मात्र रंग वाळून वास जाईपर्यंत त्यांना आत सोडू नका.

पावसाच्या झडीसाठी वरून झडप लावा, पण खिडकी पूर्ण बंद नको. विष्ठेच्या उग्र वायूने कोंबड्या आजारी पडतात. काम झालं की चौकटीभोवती करंगळी फिरवून बघा. जिथे ती शिरते, तिथून उंदीर आणि साप वाट काढतात.