वाचक विचारतात : स्पोर्ट्‌स कारच्या धंद्यात कुणी तुपाशी, कुणी उपाशी

प्रश्न : फेरारी आणि ॲस्टन मार्टिन दोन्ही नावाजलेल्या, दोन्हींचं गिऱ्हाईक धनाढ्य. मग एक नफ्यात आणि दुसरी वर्षानुवर्षं तोट्यात, असं का?

उत्तर : आधी 2024 चे आकडे. फेरारीनं 13,752 गाड्या दिल्या, उत्पन्न 6.68 अब्ज युरो, निव्वळ नफा 1.53 अब्ज युरो. ॲस्टन मार्टिननं 6,030 गाड्या दिल्या, उत्पन्न 1.58 अब्ज पौंड आणि करपूर्व तोटा 28.9 कोटी पौंड. गाड्या निम्म्याहून कमी, हे एक कारण झालंच. पण तेवढ्यानं कोडं सुटत नाही.

फेरारीकडे गिऱ्हाईक आधी येतं, गाडी नंतर बनते. 2024 संपताना त्यांची ऑर्डरवही 2026 पर्यंत भरलेली होती. नंबर लागल्यावर गिऱ्हाईक रंग, चामडं, शिलाईचा धागा, कार्बन फायबरचे भाग निवडतं. या आवडीनिवडीतूनच गाड्या आणि सुट्या भागांच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा येतो. इंजिन आणि चॅसिस घडवण्याचा खर्च मूळ किमतीत धरलेला असल्यामुळे यावरचा नफा फार जाड असतो. 799 नगांच्या एफ80 सारखी मर्यादित संख्येची गाडी मिळते ती आधी अनेक फेरारी घेतलेल्यांना, त्यामुळे साध्या मॉडेलांची मागणीही टिकून राहते.

ॲस्टन मार्टिनमध्ये 2018 च्या शेअरविक्रीच्या सुमारास नेमकं उलट झालं. गाड्या डीलरकडे भरपूर लोटल्या गेल्या. गाडी डीलरच्या ताब्यात गेली की कंपनीच्या वहीत ती विक्री म्हणून चढते, मग अंतिम ग्राहक मिळालेला असो वा नसो. डीलरला मात्र उभ्या गाडीवर व्याज भरावं लागतं, म्हणून तो सूट देतो. नव्या गाडीवर सूट मिळाली की गेल्या वर्षीच्या गाडीचा पुनर्विक्रीचा भाव पडतो, आणि ज्याच्या गाडीचा भाव असा पडला तो पुढची घ्यायला कचरतो. मग पुढच्या तिमाहीचा आकडा गाठायला आणखी सूट! 2019 मध्ये डीलरना 5,862 गाड्या गेल्या होत्या, 2020 मध्ये 3,394. त्यात कोविडचा वाटा होता, पण कॅनडाचे अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोल यांच्या हाती कंपनीची सूत्रं आल्यावर डीलरकडचा साठा उतरवण्यासाठी पुरवठा मुद्दाम आवळला गेला, हेही तितकंच खरं. कडू औषध होतं, पण आमच्या मते तो निर्णय योग्यच होता.

त्यावर कर्ज. 2024 अखेर निव्वळ कर्ज 1.16 अब्ज पौंड होतं आणि रोख्यांचा व्याजदर 10 टक्क्यांच्या घरात. ढोबळ हिशेब करा : वर्षाला 11 ते 12 कोटी पौंड व्याज, भागिले 6,030 गाड्या. प्रत्येक गाडी जवळपास 19 हजार पौंडांचं व्याज डोक्यावर घेऊन कारखान्याबाहेर पडते. फेरारीचा शेअर 2015 मध्ये 52 डॉलरला विकला गेला आणि पुढे कित्येक पट झाला. ॲस्टनचा 2018 मध्ये 19 पौंडांना विकला गेला. 2020 अखेर 20 जुन्या शेअरांचा 1 नवा करण्यात आला, आणि तो नवा शेअरही 2025 मध्ये बराच काळ 1 पौंडाखाली होता.

प्रश्न : उरुस या एसयूव्हीनं लॅम्बोर्गिनीचं नशीब पालटलं. मग डीबीएक्स या एसयूव्हीनं ॲस्टनचं का नाही?

उत्तर : उरुसचा सांगाडा फोक्सवॅगन समूहातला आहे; पोर्श कायेन आणि बेंटली बेंटायगाही त्याच कुळातल्या. म्हणजे विकासखर्च अनेक ब्रँडांत वाटला गेला. 2017 मध्ये 3,815 गाड्या विकणारी लॅम्बोर्गिनी 2019 मध्ये 8,205 वर गेली, त्यातल्या 4,962 उरुस. 2024 मध्ये 10,687 गाड्यांवर 83.5 कोटी युरोंचा कार्यकारी नफा (व्याज आणि कर धरण्याआधीचा) झाला. 1978 मध्ये दिवाळ्यात निघालेल्या आणि 1998 मध्ये ऑडीकडे येईपर्यंत हात बदलत राहिलेल्या कंपनीसाठी ही मोठी मजल आहे.

डीबीएक्सचं व्ही8 इंजिन मर्सिडीज-एएमजीचं, पण प्लॅटफॉर्म स्वतंत्र आणि वेल्समधल्या सेंट ॲथनचा कारखाना नव्यानं उभारलेला. एवढा खर्च एकट्या, कमी खपाच्या कंपनीवर पडला. गाडी चांगली आहे. गणित जड आहे.

प्रश्न : ॲस्टनच्या अहवालात 2024 चा समायोजित एबिटडा 27.1 कोटी पौंड नफ्यात दिसतो. तरी तोटा कसा?

उत्तर : एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा आकडा; समायोजित म्हणजे त्यातून एकवेळचे खर्च वगळलेला. या धंद्यात नेमकं तिथंच पाणी मुरतं. नव्या मॉडेलच्या विकासाचा बराचसा खर्च त्या वर्षीच्या तोट्यात न दाखवता मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढवता येतो आणि पुढच्या वर्षांत घसाऱ्यासारखा थोडा थोडा उतरवला जातो. पैसा मात्र आधीच गेलेला असतो. म्हणून एबिटडा वाचून थांबू नका. रोखप्रवाहाच्या तक्त्यात जा; कामकाजातून आलेल्या रोखीतून कारखाना, यंत्रं, विकासखर्च आणि व्याज वजा करा. उत्तर वर्षामागून वर्ष ऋण येत असेल, तर कंपनी भागधारकांच्या आणि सावकारांच्या पैशांवर चालली आहे. मग डीलरना गेलेल्या गाड्या आणि ग्राहकांनी घेतलेल्या गाड्या यांची तुलना करा. पहिला आकडा सलग मोठा राहिला, तर साठा फुगतो आहे.

प्रश्न : मॅकलारेन या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार कंपनीनं स्वतःचं मुख्यालय का विकलं?

उत्तर : रोकड हवी होती म्हणून. 2021 मध्ये इंग्लंडमधल्या वोकिंगची मुख्यालयाची इमारत 17 कोटी पौंडांना विकून तीच 20 वर्षांच्या भाड्यानं घेतली. त्यांच्याकडे एसयूव्ही नव्हती, पाठीशी मोठा समूह नव्हता आणि आर्टुरा गाडी लांबली. अशा विक्रीनं हातात पैसा येतो, पण भाड्याचा कायमचा खर्च मागे लागतो.

प्रश्न : पोर्श तर वर्षाला तीन लाख गाड्या विकते. तीही अडचणीत कशी आली?

उत्तर : चीनमधली मागणी आणि विजेवरच्या गाड्या, दोन्हींचे अंदाज एकदमच चुकले. चीनमध्ये 2021 साली 95,671 गाड्या गेल्या होत्या, 2024 मध्ये 56,887. शिवाय युरोपीय संघात सायबर सुरक्षेच्या नियमामुळे 2024 मध्ये मकान या एसयूव्हीची पेट्रोल आवृत्ती बंद झाली आणि नवी मकान फक्त विजेवरची होती. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीनं पेट्रोल आणि हायब्रिड गाड्यांना मुदतवाढ दिली, विजेवरच्या नव्या प्लॅटफॉर्मचं वेळापत्रक पुढं ढकललं आणि त्याचा अब्जावधी युरोंचा भार त्याच वर्षी सोसला. तरी ॲस्टनशी तिची तुलना नको : 2024 मध्येही पोर्शचा कार्यकारी नफा उत्पन्नाच्या 14.1 टक्के होता.