वाचकांचे प्रश्न : शिडाच्या जहाजातून कॅरिबियन, त्यात एक दिवस पाण्याखाली

प्रश्न : आम्ही दोघे (वय ५८ आणि ५४) फेब्रुवारीत बार्बाडोसहून सुटणाऱ्या शिडाच्या जहाजाने सात दिवसांची सफर करणार आहोत. सेंट लुशिया आणि डॉमिनिकाला जहाज थांबेल. तिथे उतरून एक दिवस स्कूबा करायचं आहे. कोणता दिवस ठेवावा? (पुणे)

शेवटचा दिवस नको, हे आधी ठरवा. पाण्याखाली दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तो पूर्ण निघण्याआधी विमानातल्या कमी दाबात गेलात, तर शरीरात बुडबुडे तयार होऊ शकतात. एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास आणि दोन किंवा जास्त असतील तर १८ तास जावे लागतात. २४ तास ठेवले तर उत्तमच. समजा शुक्रवारी दुपारी ३ ला दुसऱ्या डाइव्हमधून वर आलात आणि शनिवारी सकाळी ८ चं विमान आहे. मध्ये १७ तासच मिळतात, म्हणजे हिशेब चुकला. डॉमिनिकात डोंगरातली सहल करणार असाल तर ती डाइव्हच्या आधीच्या दिवशी ठेवा. डाइव्हनंतर त्याच दिवशी ३०० मीटरहून उंच जाणंही टाळायचं असतं.

पहिला दिवसही नको. लांबच्या विमानप्रवासाने शरीर कोरडं पडलेलं असतं, झोप झालेली नसते. तिसरा किंवा चौथा दिवस ठीक. सेंट लुशियात सुफ्रिएरजवळच्या आन्स शास्तानेला प्रवाळ किनाऱ्यापासून काही पावलांवरच सुरू होतं. डॉमिनिकात राजधानी रोझोच्या दक्षिणेला शॅम्पेन रीफवर तळातून ज्वालामुखीच्या वायूचे कोमट बुडबुडे वर येत असतात. दोन्ही जागा पश्चिम किनाऱ्यावर आहेत. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे बेटाच्या आडोशाला पाणी शांत मिळतं.

वेळेचा हिशेब उलटा करा. जहाजाकडे परतणाऱ्या शेवटच्या छोट्या बोटीच्या दीड तास आधी तुम्ही अंग पुसून तयार असलं पाहिजे. लाट वाढली तर किनाऱ्यावर उतरवणंच रद्द होतं. म्हणून बाहेरच्या डाइव्ह सेंटरला आगाऊ पैसे देण्याआधी ते परत मिळण्याची अट विचारून घ्या.

प्रश्न : मालवणला स्कूबा केलं आहे. तो अनुभव तिथे चालेल? (सांगली)

अनुभव म्हणून उपयोगी, परवाना म्हणून नाही. मालवणला बहुतेकांनी केलेली डाइव्ह हौशी असते : प्रशिक्षक तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवतो. कार्ड मिळालेलं नसेल तर तिथेही तुम्ही नवखेच, आणि नवख्यांची मर्यादा १२ मीटर. ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या अभ्यासक्रमाचं, कार्ड असेल तर १८ मीटर. बऱ्याच ठिकाणी आधी उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) पुन्हा लावणं करून घेतात. हे टाळू नका. घाबरण्याची सुरुवात बहुधा नाकात गेलेल्या चमचाभर पाण्याने होते.

डाइव्ह सेंटरची वैद्यकीय प्रश्नावलीही भारतातूनच भरून न्या. रक्तदाबाची गोळी, दमा, फिट, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी एकाला जरी "हो" आलं, तर डॉक्टरांची सही लागते. ती बेटावर सकाळी साडेआठला मिळत नाही. पंचेचाळिशीनंतर हृदयाविषयीचे जादा प्रश्न असतात. खोटं "नाही" लिहिणं हा स्वतःच्याच जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : कान फार दुखतात. तलावात दोन मीटर खाली गेलं तरी. (नाशिक)

डाइव्ह अर्धवट सोडावी लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि बहुतेकांना ते टाळता येतं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कानाला सर्वात जड जातात ते पहिले पाच मीटर, कारण हवेचं आकारमान तिथेच झपाट्याने घटतं. दुखल्यावर नाक दाबून फुंकणं ही चूक आहे. तोवर घशाकडची नळी मिटलेली असते आणि जोर केल्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. पाण्यात शिरण्याआधीच एकदा कान मोकळे करा. मग दर अर्ध्या मीटरला नाकपुड्या चिमटीत धरून हलकेच फुंका, किंवा नाक धरूनच आवंढा गिळा. पाय खाली, डोकं वर असं दोर धरून उतरा. एक कान अडला तर मीटरभर वर या, तो कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तीनदा जमलं नाही तर त्या दिवशी डाइव्ह नको.

पडसं असताना नाकात थेंब टाकून उतरू नका. औषधाचा असर मध्येच ओसरला तर वर येताना हवा कानातच अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

प्रश्न : रोज प्राणायाम करतो, कुंभक दीड मिनिट जमतो. फायदा होईल का? (कोल्हापूर)

सावकाश, लांब श्वास घेण्याची सवय खूप कामाची. हवा पुरते आणि मन शांत राहतं. कुंभक मात्र पाण्याखाली कधीही नाही. दहा मीटरवर पूर्ण भरलेल्या छातीतली हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते, आणि श्वास रोखला असेल तर फुप्फुस फाटू शकतं. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं एकक, टाकीच्या काट्यावर दिसतं) उरलेले असताना पृष्ठभागावर पोहोचायचं, या बेताने परतीला लागा.

प्रश्न : मिशा आणि चष्मा, दोन्ही आहे. (सोलापूर)

मास्कची कड ओठाच्या वर बसते, तिथे केस आले की पाणी झिरपतं. नाकाखालची मिशीची वरची पट्टी अर्धा सेंटिमीटर कापली तरी बहुधा पुरतं. व्हॅसलीन लावू नका, साधनांच्या रबराला ते मारक आहे; लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस. चष्म्यासाठी नंबरच्या काचांचा मास्क नेणं सर्वात सोपं. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण मास्क भरला तर डोळे मिटून घ्या.

प्रश्न : मला बोट लागते. (ठाणे)

बेटांच्या आडोशाला त्रास कमी होतो. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत अटलांटिकची लाट सरळ आत येते आणि शिडाचं जहाज एका अंगावर कलून चालतं. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागा. गोळी त्रास सुरू झाल्यावर नाही, आदल्या रात्री घ्यायची. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी ॲव्होमिन फार झोप आणते, डाइव्हच्या दिवशी ती नकोच. दुसरी कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा आणि घरी एकदा घेऊन बघा. आलेपाक जवळ ठेवा. पाण्याखाली उलटी आलीच तर रेग्युलेटर तोंडातून काढू नका. तो दातांत घट्ट धरून त्यातूनच ओका आणि मग रेग्युलेटरवरचं पर्ज बटण (हवेच्या झोताने आतलं बाहेर ढकलणारं) दाबून साफ करा. उलटीनंतरचा श्वास माणूस आपोआप खोल घेतो. त्या क्षणी तोंडात रेग्युलेटर नसेल तर पाणीच आत जातं.